सूक्ष्म चॅनलमध्ये डीएनए एका पट्टीत गोळा करायचा तर: आयसोटॅकोफोरेसिसचा पहिला रन

काच किंवा पीडीएमएसच्या (रबरासारख्या पारदर्शक सिलिकॉनच्या) चिपमधल्या बारीक चॅनलमध्ये विद्युतक्षेत्र लावून डीएनए गोळा करण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. नवख्याने सुरुवात आयसोटॅकोफोरेसिसपासून करावी. दोन बफर, दोन प्लॅटिनमच्या तारा आणि एक सरळ चॅनल एवढ्यावर ते चालतं, आणि रन बिघडला तर काय बिघडलं हे व्होल्टेजचा आकडाच सांगतो. इथे दिलेली कृती 30 मिलिमीटर लांब, 100 मायक्रॉन रुंद आणि 20 मायक्रॉन खोल चॅनलसाठी आहे. तुमचं चॅनल वेगळ्या मापाचं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या. कसे बदलायचे तेही पुढे आहे.

तत्त्व थोडक्यात. चॅनलमध्ये पुढे वेगवान ऋण आयनाचा बफर, मागे मंद ऋण आयनाचा बफर. वेगवान म्हणजे क्लोराइड, ज्याची गतिशीलता (एकक विद्युतक्षेत्रातला वेग) 10⁻⁹ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात सुमारे 79 आहे. मंद म्हणजे हेपेस हे बफरचं रसायन, पूर्ण आयनित असताना 22च्या आसपास. लांब डीएनएची 37च्या आसपास, म्हणजे बरोबर मधली. करंट सगळ्या चॅनलमध्ये एकच असतो, पण मागच्या बफरची वाहकता कमी, म्हणून तिथे विद्युतक्षेत्र जास्त. डीएनएचा रेणू मागे रेंगाळला की जास्त क्षेत्रात सापडतो आणि पुढे ओढला जातो. सीमा ओलांडून पुढे गेला की क्षेत्र कमी होतं आणि सीमा त्याला गाठते. त्यामुळे सगळा डीएनए दोन बफरच्या सीमेवर अरुंद पट्टीत जमतो आणि ती पट्टी सीमेच्या वेगाने पुढे सरकते. यामागचा आयनांच्या सांद्रतेचा नियम कोलराउशने 1897 मध्येच मांडला होता.

बफर: वजन करून बनवा, पीएच मीटर धरून नाही

पुढचा बफर, 50 मिलिलिटर: ट्रिस बेस 1.21 ग्रॅम, 1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल 5 मिलिलिटर, के-90 ग्रेडचं पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन हे पॉलिमर) 0.5 ग्रॅम, बाकी डीआयोनाइज्ड पाणी. म्हणजे ट्रिस 200 मिलिमोलार, क्लोराइड 100 मिलिमोलार, पीव्हीपी 1 टक्का. पीएच आपोआप 8.1च्या जवळ येतो.

मागचा बफर, 50 मिलिलिटर: ट्रिस बेस 0.121 ग्रॅम, हेपेस 0.119 ग्रॅम, पीव्हीपी 0.5 ग्रॅम. म्हणजे ट्रिस 20 आणि हेपेस 10 मिलिमोलार, पीएच साधारण 8.2.

पीएच थोडा इकडेतिकडे दिसला तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून तो जुळवण्याची सवय असते. पुढच्या बफरमध्ये ते एकवेळ खपतं. मागच्या बफरमध्ये मात्र तेच दोन थेंब पद्धत मोडून ठेवतात, कारण त्यातून वेगवान क्लोराइड मंद बफरमध्ये शिरतं. सोडियम हायड्रॉक्साइडही नको. सोडियम वाहकता वाढवतं, पण ट्रिससारखा पीएच सांभाळत नाही. हेपेस घेताना बाटलीवर सोडियम सॉल्ट लिहिलेलं नाही ना, ते बघा. फ्री ॲसिडच हवं.

पीव्हीपी का? पीएच 8ला काचेची भिंत ऋण प्रभारित असते आणि द्रावण धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहू लागतं, म्हणजे डीएनएच्या बरोबर उलट. त्यातही मागच्या बफरच्या भागात क्षेत्र जास्त आणि आयन कमी, त्यामुळे तिथला प्रवाह पुढच्या भागापेक्षा जोरात. दोन भागांतल्या या तफावतीने पट्टी वाकते आणि पसरते. पीव्हीपी भिंतीला चिकटून हा प्रवाह दाबतं, म्हणून ते दोन्ही बफरमध्ये घालायचं. विरघळायला वेळ लागतो. तासभर मॅग्नेटिक स्टररवर ठेवा, मग 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. न विरघळलेली गुठळी 20 मायक्रॉनच्या चॅनलमध्ये अडकली तर ती चिप गेली असं समजा.

दोन्ही बफर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये 15 मिनिटं ठेवून हवा काढा. मागचा बफर आठवड्याला नवा करा आणि बाटली काठोकाठ भरून बंद ठेवा. पीएच 8च्या वरचा, इतका पातळ बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. त्यातून होणारा बायकार्बोनेट डीएनएपेक्षा वेगवान आणि क्लोराइडपेक्षा मंद, त्यामुळे तो डीएनएच्या पुढे स्वतःचा वेगळा पट्टा करून बसतो. जुन्या बफरने केलेल्या रनमध्ये पट्टी उशिरा आली किंवा अंधूक दिसली तर आधी संशय यावर घ्या.

आणखी एक सावधगिरी. मॉलिक्युलर बायोलॉजीच्या लॅबमध्ये टीई म्हटलं की ट्रिस-ईडीटीए. आपला मागचा बफर, म्हणजे ट्रेलिंग इलेक्ट्रोलाइट, हाही टीईच. बाटलीवर सरळ 'मागचा' आणि 'पुढचा' लिहा. ईडीटीएवर बरेच ऋण प्रभार असतात आणि तो वेगाने धावतो; मागच्या वेलमध्ये (चॅनलच्या टोकाला द्रावण भरायच्या खड्ड्यात) तो गेला की गणित चुकतं.

डाय म्हणून सायबर ग्रीन 1 घ्या, पण तो नमुन्यात नको, पुढच्या बफरमध्ये 1एक्स घाला. हा डाय धन प्रभारित आहे, म्हणजे तो डीएनएच्या उलट दिशेने येतो. पुढच्या बफरमध्ये असला की समोरून येऊन पट्टीला भेटतो. मागच्या वेलमध्ये टाकला तर ऋण टोकाकडे निघून जातो आणि पट्टी गोळा होऊनही दिसत नाही.

चिप आणि वीज

तयार काचेची सरळ चॅनलची चिप मिळाली तर उत्तम. स्वतः बनवायची तर एसयू-8 या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरच्या साच्यावर पीडीएमएस ओता: बेस आणि क्युरिंग एजंट 10:1, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढून 70 अंशांवर 2 तास. साच्यासाठी क्लीनरूम लागते. महाराष्ट्रातल्या बाहेरच्या संशोधकांना आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राममधून हे काम करून घेता येतं. साचा एकदा झाला की पुढच्या डझनभर चिप साध्या ओव्हनवर होतात. पीडीएमएसचा थर 5 मिलिमीटर ठेवा आणि दोन्ही टोकांना 4 मिलिमीटरच्या पंचने वेल पाडा. ऑक्सिजन प्लाझ्मा 30 ते 60 सेकंद, लगेच काचेच्या स्लाइडवर दाबा, मग 80 अंशांवर 15 मिनिटं. प्लाझ्माने आलेला पाणीदारपणा काही तासांत ओसरतो, म्हणून जोडल्यावर त्याच दिवशी भरा.

वीजपुरवठ्याबाबत बहुतेकांची एकच चूक होते: जेल इलेक्ट्रोफोरेसिसची पॉवर सप्लाय आणून लावायची. ती मिलिअँपिअरसाठी बनवलेली असते. आपल्याला हवेत 4 मायक्रोअँपिअर, आणि एवढा करंट तिला सर्किट उघडं असल्यासारखा वाटतो, म्हणून ती अलार्म देऊन बंद पडते. मायक्रोअँपिअरमध्ये स्थिर करंट देणारा आणि किमान 500 व्होल्टपर्यंत जाणारा स्रोत हवा. कीथली 2410 चालतो. त्याचाच लहान भाऊ 2400 मात्र 200 व्होल्टवर थांबतो आणि आपला रन अर्ध्या वाटेत अडकतो. चॅनलच्या एकसरीत 1 मेगाओहमचा रेझिस्टर लावा. 4 मायक्रोअँपिअरला त्यावर फक्त 4 व्होल्ट जातात, पण चुकून शॉर्ट झालं तर 500 व्होल्टलाही करंट अर्ध्या मिलिअँपिअरवर जात नाही. आउटपुट बंद केल्याशिवाय वेल, तार किंवा क्लिपला हात लावायचा नाही, पिपेटसुद्धा टेकवायची नाही.

इलेक्ट्रोड म्हणजे 0.3 ते 0.5 मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची तार. क्रोकोडाइल क्लिप द्रावणात बुडता कामा नये. तांबं-लोखंड विरघळतं आणि डाय-डीएनए दोन्ही बिघडवतं. तार वेलच्या चॅनलपासून दूरच्या कडेला ठेवा, नाहीतर इलेक्ट्रोडवर निघणारा वायूचा बुडबुडा थेट चॅनलच्या तोंडात जाऊन बसतो.

आधी कागदावर व्होल्टेज काढा

रनला बसण्याआधी ही दोन मिनिटांची आकडेमोड कराच. चॅनलचा काटछेद 100 गुणिले 20 मायक्रॉन, म्हणजे 2×10⁻⁹ चौरस मीटर. पुढच्या बफरची वाहकता सुमारे 1 सीमेन्स प्रति मीटर, जास्त आयनांमुळे प्रत्यक्षात थोडी कमी. 30 मिलिमीटरला रोध येतो 15 ते 18 मेगाओहम. 4 मायक्रोअँपिअर दिले की सुरुवातीचं व्होल्टेज 60 ते 72.

सीमा जशी पुढे सरकते तशी चॅनलमध्ये मागच्या बफरची जागा वाढते. तिथलं क्षेत्र पुढच्यापेक्षा सुमारे चौपट असल्याने स्थिर करंटवर व्होल्टेज सरळ रेषेत चढतं आणि पट्टी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत 250 ते 300 होतं. सीमेचा वेग सेकंदाला सुमारे 0.15 मिलिमीटर, म्हणजे 30 मिलिमीटरला 200 सेकंदांच्या आसपास. करंट दुप्पट केला तर वेळ निम्मा आणि व्होल्टेज दुप्पट. चॅनलची रुंदी किंवा खोली दुप्पट केली तर तेवढ्याच करंटला वेग निम्मा.

हे दोन आकडे, सुरुवातीचं व्होल्टेज आणि शेवटचं, वहीत लिहून मगच रन सुरू करा. मायक्रोस्कोप नंतर बघितला तरी चालतो.

रन

1. काचेची चिप असेल तर 1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइड 5 मिनिटं, पाणी 5 मिनिटं, पुढचा बफर 5 मिनिटं, असं व्हॅक्यूमने ओढून धुवा. पीडीएमएसला 0.1 मोलारच पुरे.

2. पुढच्या वेलमध्ये 30 मायक्रोलिटर पुढचा बफर घाला आणि मागच्या वेलवर हलका व्हॅक्यूम लावून चॅनल भरा. मायक्रोस्कोपच्या 10एक्स भिंगाखाली पूर्ण लांबी तपासा. एक बुडबुडा दिसला तरी पुन्हा भरा.

3. मागची वेल रिकामी करा आणि मागच्या बफरने तीनदा धुवा, दर वेळी 30 मायक्रोलिटर. ही पायरी कंटाळवाणी म्हणून वगळली जाते. वेलच्या कोपऱ्यात पुढच्या बफरचा 1 मायक्रोलिटर जरी राहिला तरी 30 मायक्रोलिटरमध्ये 3 मिलिमोलारपेक्षा जास्त क्लोराइड होतं, आणि आपल्या मागच्या बफरमध्ये आयनच मुळात 8 मिलिमोलारच्या घरात आहेत.

4. डीएनए मागच्या बफरमध्येच पातळ करा. पहिल्या रनला 1 केबी लॅडर (ठरावीक लांबीच्या डीएनए तुकड्यांचं मिश्रण) 0.1 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. मागच्या वेलमध्ये 30 मायक्रोलिटर घाला. पुढच्या वेलमध्येही तेवढंच आहे ना ते पुन्हा बघा.

5. ऋण टोक मागच्या वेलमध्ये, धन टोक पुढच्या वेलमध्ये. डीएनए ऋण, तो धन टोकाकडे जातो. ही अदलाबदल सगळ्यांची एकदा होतेच. झाली तर दोन बफरांमधली सीमा चॅनलमध्ये शिरतच नाही आणि व्होल्टेज जागचं हलत नाही.

6. करंट 4 मायक्रोअँपिअर, व्होल्टेजची मर्यादा 500. दर सेकंदाला व्होल्टेज नोंदवा. मायक्रोस्कोप चॅनलच्या 20 मिलिमीटरवर ठेवा, निळ्या प्रकाशाचा एफआयटीसी फिल्टर सेट, 10एक्स, एक्स्पोजर 100 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पट्टी 15 मायक्रॉन सरकते, हे चालण्यासारखं आहे. शटर पहिली 100 सेकंद बंदच ठेवा, म्हणजे डाय उगाच जळत नाही. पट्टी साधारण 130 ते 140 सेकंदांनी येते आणि दृष्टिक्षेत्र सात-आठ सेकंदांत ओलांडते.

चांगली पट्टी कशी दिसते? 50 ते 100 मायक्रॉन लांब, चॅनलला काटकोनात, दोन्ही कडा स्पष्ट. बाणाच्या टोकासारखी वाकलेली असेल तर कुठेतरी प्रवाह आहे.

व्होल्टेज काय सांगतं

सुरू करताच व्होल्टेज मर्यादेला जाऊन टेकलं: सर्किट उघडं आहे. चॅनलमध्ये बुडबुडा, किंवा तार द्रावणाला टेकलेली नाही.

सुरुवातीचं व्होल्टेज अंदाजाच्या निम्मं: करंट दुसरीकडून जातोय. पीडीएमएसची जोडणी सुटली असेल, किंवा स्लाइडवर सांडलेल्या बफरची ओल दोन्ही वेलना जोडत असेल. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत किंवा मुंबईत हा त्रास वाढतो. सुकलेल्या क्षाराचा डागसुद्धा दमट हवेत ओला होऊन वीज वाहून नेतो. रनआधी चिपचा पृष्ठभाग आयसोप्रोपेनॉलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सुरुवात बरोबर, पण चढच नाही: टोकं उलटी लागली आहेत, किंवा मागच्या वेलमध्ये भरपूर क्लोराइड आहे. धुणं राहिलं असेल, नाहीतर नमुना खारट असेल.

चढ आहे, पण पहिला मिनिटभर फार सपाट: नमुन्यातला क्षार. पीबीएस (फॉस्फेटचा खारट बफर) किंवा रक्ताच्या प्लाझ्मासारख्या नमुन्यात क्लोराइड 100 मिलिमोलारच्या वर असतं. असा नमुना मागच्या बफरमध्ये 20 पट तरी पातळ करा. 10 पटीवरही क्लोराइड तुमच्या हेपेसएवढंच उरतं.

मध्येच उड्या: बारीक बुडबुडा किंवा कण. उड्या वाढत गेल्या तर बंद करा. अडलेल्या जागी सगळं क्षेत्र एकवटतं आणि तिथलं पाणी उकळू शकतं.

चढ ठीक, पण पट्टी उशिरा आणि वाकडी: वेलमधल्या पातळ्या समान नाहीत. 1 मिलिमीटर उंचीच्या फरकाने 10 पास्कल दाब येतो आणि या चॅनलमध्ये पाण्यासारख्या पातळ द्रावणाचा प्रवाह सेकंदाला सुमारे 11 मायक्रॉन होतो, पट्टीच्या वेगाच्या 7 टक्के. पण खोली 40 मायक्रॉन केली तर तोच फरक चौपट प्रवाह देतो, आणि करंट तेवढाच ठेवला असेल तर पट्टीचा वेगही निम्मा झालेला असतो. म्हणून खोल चॅनलवाल्यांनी पातळ्यांची जास्त काळजी घ्यावी. 4 मिलिमीटरच्या वेलमध्ये 1 मिलिमीटर म्हणजे 12 ते 13 मायक्रोलिटर. साध्या पिपेटने एवढी चूक होत नाही, पण तासभर उघडी राहिलेली वेल तेवढी आटते.

तपमानाकडेही लक्ष असू द्या. ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रभारित असतात) अंशाला 0.028ने उतरतो. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत बफरचा पीएच 25 अंशांच्या मानाने 0.3ने खाली असू शकतो, आणि हेपेसचं आयनीकरण त्याबरोबर बदलतं.

किती गोळा झालं, आणि किती नाही

या रनमध्ये मागच्या वेलमधल्या 30 मायक्रोलिटरपैकी सुमारे 0.3 मायक्रोलिटरमधला डीएनएच पट्टीत येतो. शेकडा एक. ऐकायला कमी वाटतं, पण तो जमा होतो 0.2 नॅनोलिटर जागेत, म्हणजे सांद्रता हजार-दीड हजार पट. मागचा बफर आणखी पातळ केला तर वेलमधलं क्षेत्र वाढतं आणि जास्त डीएनए आत येतो. पण तिथेही मर्यादा आहे. 200 सेकंदांत 4 मायक्रोअँपिअरने इलेक्ट्रोडवर सुमारे 8 नॅनोमोल आम्ल किंवा अल्कली तयार होते, 30 मायक्रोलिटरमध्ये 0.3 मिलिमोलारच्या आसपास. 10 मिलिमोलारचा बफर एका रनला हे सहज पचवतो, 1 मिलिमोलारचा नाही. वेलमधलं द्रावण दर रनला बदला.

मोजताना पट्टीची उंची नको, क्षेत्रफळ घ्या. रुंदी रनगणिक थोडी बदलते. 1, 0.1 आणि 0.01 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर अशी मालिका चालवा. आणि डीएनए न घातलेला कोरा रन केल्याशिवाय कुठलाही आकडा खरा मानू नका. पुष्कळदा कोऱ्या रनमध्येही फिकी पट्टी येते, कारण पाणी, पीव्हीपी आणि टिपमध्ये डीएनएचा अंश असतो आणि ही पद्धत तोही निमूटपणे गोळा करते.

दोन गोष्टींची अपेक्षा या मांडणीकडून ठेवू नका. एक, लांबीप्रमाणे वेगळे तुकडे. 400 बेसजोड्यांच्या वर मोकळ्या द्रावणात डीएनएची गतिशीलता लांबीवर जवळपास अवलंबून नसते, त्यामुळे लॅडरचे सगळे तुकडे एकाच पट्टीत येतात. वेगळे करायचे तर पट्टी गोळा झाल्यावर ती चाळणीसारख्या पॉलिमरच्या द्रावणात सोडावी लागते, किंवा मधल्या गतिशीलतेचा स्पेसर घालून डीएनए आणि दुसरा रेणू यांत अंतर पाडावं लागतं. दोन, पट्टी पिपेटने उचलणं. पुढच्या वेलमध्ये उतरताच 0.2 नॅनोलिटरची पट्टी 30 मायक्रोलिटरमध्ये विरते. प्रथिनं आणि बाकीची घाण मागे राहते, म्हणजे शुद्धीकरण टिकतं, सांद्रता जाते. पीसीआरला पुरेल एवढा डीएनए हवा असेल तर काही मिलिमीटर रुंदीचं चॅनल आणि मिलिअँपिअरचा करंट लागतो. त्याची आकडेमोड हीच, फक्त काटछेद वेगळा. सूक्ष्म चॅनलमध्ये पट्टी जिथे आहे तिथेच मोजणं किंवा तिथेच संकरण, म्हणजे जुळणाऱ्या डीएनए धाग्याशी जोडणी, घडवून आणणं जास्त शहाणपणाचं.

पहिला रन नीट झाला की करंट 8 आणि मग 16 मायक्रोअँपिअर करून बघा. पट्टी अरुंद होत जाते आणि वेळ वाचतो. 16ला शेवटचं व्होल्टेज 1000 ते 1200च्या घरात जातं, म्हणून त्या क्षमतेचा स्रोत लागेल. तो नसेल तर तुमच्या स्रोताला झेपेल त्या करंटवर थांबा. जास्त करंटने चॅनल तापतं. काच ही उष्णता सहज बाहेर टाकते, पीडीएमएस नाही. पट्टी डोलायला लागली किंवा कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर एक पायरी खाली या.

काम संपलं की काचेची चिप लगेच पाण्याने धुवा. पीव्हीपी चॅनलमध्ये वाळलं तर ते काढण्यात अर्धा दिवस जातो. पीडीएमएसची चिप फेकून द्या, पुढची नवी घ्या.